जोडीचा श्वास

सोमवार, ३

मावशी म्हणते, "तोंडानं भांडतेस तेवढं कागदावर भांड, म्हणजे माझी गिऱ्हाइकं तरी टिकतील." आज एका बाईंना मी एवढंच म्हटलं की कंबर वाढली असेल तर तो शिवणाऱ्याचा दोष नाही. खरं तेच बोलले. मावशीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी सुईच गिळली होती. मग ही वही दिली.

वय अठरा. कॉलेज अर्धवट सोडलेलं. मावशीच्या शिवणाच्या दुकानात काजं, बटणं आणि उसवणं, एवढं माझं काम. इस्त्रीला हात लावत नाही. वाफ निघाली की मी बाहेर पायरीवर जाऊन बसते. मावशी काही विचारत नाही. आई विचारते. आईला वाटतं मी नाटकं करते.

महिन्यापूर्वी कॉलेजात आग लागली, तीही नाटकाच्याच खोलीत. रंगमंचाच्या मागं, वरच्या मजल्यावर, जुने पडदे आणि पुठ्ठ्याचे खांब ठेवायची खोली. तास बुडवून मी आणि भुंगी तिथं बसायचो. भुंगी म्हणजे माझी लहानपणापासूनची मैत्रीण. सारखी गुणगुणते, म्हणून भुंगी. त्या दिवशी आधी वायर जळाल्याचा वास आला, मग एकदम धूर. भुंगी दाराशी होती, मी कपाटांच्या मागं. ती पळाली. मागं वळूनसुद्धा न बघता पळाली. तिची पाठ मला दिसली, तेवढंच शेवटचं आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मी बाहेर गवतावर होते आणि माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

त्याचं नाव लिहीत नाही. आईच्या हाती वही लागायची. 'तो' म्हटलं की मला कळतं.

मी विचारलं होतं, "तूच आणलंस मला?" त्यानं नुसती मान खाली घातली. मोठं काम करणारी माणसं अशीच असतात. त्याचा शर्ट पांढराशुभ्र होता. आगीतून माणूस काढला आणि अंगावर एक डाग नाही! मी आईला म्हटलं, देवाचा हात असल्याशिवाय असं होतं का? आई म्हणाली, "कपडे धुवायला काय वापरतो ते विचार." आईला कशाचंच काही नाही.

बुधवार, ५

आज प्रार्थनाघरात तालीम. आमच्या गायनमंडळात जोड्या असतात. शेवटची प्रार्थना एका लांबलचक सुरावर संपते. एवढा सूर एका श्वासात कुणाच्या बापाला जमत नाही. म्हणून शेजारशेजारच्या दोघींनी आळीपाळीनं श्वास घ्यायचा. करंगळीला करंगळी लावून उभं राहायचं. एकीनं करंगळी दाबली की ती श्वास घेणार, तोवर दुसरीनं सूर धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर कुठं तुटतच नाही. गाणं बसवणाऱ्या बाई म्हणतात, "जोडीदारणीच्या श्वासावर विश्वास नसेल तर गाऊ नका, घरी जा."

माझी जोडी भुंगीशी. बाराव्या वर्षापासून.

आज तिनं सारखी करंगळी दाबली. माझी पाळी असतानासुद्धा. एका सुरात तीनदा! मला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही, छाती फुटायची वेळ आली. तालमीनंतर मी म्हटलं, "लक्ष कुठंय तुझं?"

"घसा बसलाय," ती म्हणाली. आवाज खरंच घोगरा होता, पण महिनाभर कुणाचा घसा बसतो का?

केसही कापून टाकलेत तिनं. मानेपर्यंत, वेडेवाकडे. मी इकडे मरता मरता वाचले आणि हिला फॅशन सुचतेय. मी विचारलं, "कुणाला दाखवायला?" ती हसली. पूर्वीचं हसू नव्हतं ते.

तोही आमच्याच कॉलेजातला, प्रार्थनाघरात माइक लावतो; आजही लावत होता. भुंगी त्याला बगळा म्हणते, उंच आणि पांढरा म्हणून. मला नाही आवडत. आज मात्र तिनं चिडवलं नाही. उलट दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही नजर काढून घेतली.

मी बघितलं ते.

रविवार, ९

प्रार्थना संपल्यावर प्रार्थनाघराच्या आजोबांनी मला थांबवलं. सगळं तेच बघतात. म्हणाले, "बाळ, तेवीस तारखेला साक्ष दे. काय घडलं ते सांग. ऐकून चार माणसांना बळ येईल." आमच्याकडे संकटातून वाचलेल्यानं सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं असतं.

मी लगेच हो म्हटलं. घरी येईपर्यंत भाषण तयार. सांगणार आहे की माणसं सोडून जातात, जिवाभावाची म्हणवणारीसुद्धा, पण देव सोडत नाही. तो कुणाला तरी पाठवतो. मग त्याच्याकडे बोट दाखवणार. त्यालाही कळेल मग. सगळ्यांसमोर सांगितल्यावर माणसाला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं ना?

भुंगीचं नाव घेणार नाही. पण बघणारे सगळे तिच्याकडेच बघतील. बघू देत.

टाचांवरच्या खपल्या अजून निघतायत. डॉक्टर म्हणाले होते, फरफटल्यानं सोललं. तो तर म्हणे मला उचलून आणत होता, असं सगळे सांगतात. मग टाचा कशा सोलल्या? कुठंतरी लागलं असेल.

मंगळवार, ११

भुंगी आज दुकानात आली. प्रार्थनेचा झगा घेऊन. म्हणाली, "मावशी, याच्या बाह्या लांब करून द्याल? मनगटापर्यंत."

आमच्या मंडळात सगळ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत. या उकाड्यात हिला एकटीला लांब हव्यात. मी म्हटलं, "का गं, तू काय वेगळी आहेस?"

"थंडी वाजते."

"घाम टिपत टिपत सांगतेस?"

मावशी म्हणाली, "तू बटणं लाव." आणि तिला मापं घ्यायला पडद्यामागं नेलं. बराच वेळ लागला. आत दोघी कुजबुजत होत्या. बाही मापायला असं किती बोलावं लागतं? मावशी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल.

"काय झालं?"

"धागा गेला डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत?"

"जोडधागा होता," मावशी म्हणाली. मला हसू आलं नाही.

भुंगी गेल्यावर मी पिच्छा पुरवला. काय सांगत होती? माझ्याबद्दल? मावशीचं एकच पालुपद: "मापं घेताना शिवणारीला जे दिसतं ते पडद्यामागंच ठेवायचं. नाहीतर कुठली बाई पुन्हा आपल्याला माप देईल?" म्हणजे नक्की माझ्याचबद्दल. माझी सख्खी मावशीसुद्धा फितवली तिनं. रडून दाखवलं असणार. ती आधीपासूनच गोड.

शुक्रवार, १४

आज रागानं लिहितेय. अक्षर कसं येतंय बघा.

तालमीनंतर मी पाणी प्यायला मागच्या अंगणात गेले. सायकली लावतात तिथं दोघं उभी होती. तो आणि भुंगी. मी भिंतीआड थांबले. चोरून ऐकणं वाईट, पण चोरून बोलणारे कोण लागून गेले?

"तूच सांग तिला," भुंगी म्हणत होती.

"मी? तू सांग."

"माझं ऐकेल का ती? तुझं ऐकते."

"मग राहू दे ना. खूश आहे ती."

"तेवीसला सगळ्यांसमोर बोलणार आहे. चालेल तुला?"

तो सायकलची घंटी नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, "बघू."

तिला खोकला आला. खोकता खोकता ती खाली बसली. तो तसाच उभा. मग त्यानं तिला रुमाल दिला. त्याचा, स्वतःचा, निळ्या काठाचा. मला आजवर त्यानं साधं पेन दिलेलं नाही.

तेव्हा असं आहे सगळं. दोघांचं जमलंय आणि मला कुणी सांगायचं यावर टोलवाटोलवी चाललीय. आधी मला आगीत सोडून गेली, आता ज्यानं आगीतून काढलं त्यालाही घेऊन चालली. संध्याकाळपासून देवाला विचारतेय, माझा जीव वाचवून तुला नक्की काय दाखवायचं होतं? हेच?

मंगळवार, १८

बाईंकडे गेले आणि सांगून टाकलं. जोडी बदला. तिच्या शेजारी उभं राहून माझा सूर तुटतो.

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "तिला श्वास पुरत नाही हे मलाही ऐकू येतंय. का पुरत नाही, विचारलंस?"

"मी का विचारू? मुद्दाम करते ती."

"श्वास कोण मुद्दाम कमी घेतं?"

"तुम्हाला ती माहीत नाही, बाई."

"आणि तुला आहे?" बाई म्हणाल्या. पण तेवीसला नीट गायलं जायला हवं, हे त्यांनाही पटलं. संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भुंगी, या वेळी तू विश्रांती घे. नुसती ऐकायला ये."

मला वाटलं ती भांडेल. आम्ही दोघी नेहमी भांडायचो, त्यात मजा होती. तिनं झगा नीट घडी करून पिशवीत ठेवला. नव्या लांब बाह्या आधी आत दुमडल्या. "बरं, बाई," म्हणाली आणि दाराशी जाऊन खूप वेळ खोकली. लोकांना दाखवायला.

मी जिंकले. जेवण गेलं नाही.

गुरुवार, २०

माझी नवी जोडीदार दातांची डॉक्टरीण आहे. चाळिशीची, भली बाई. जगाला तोंड उघडायला लावते आणि गाताना स्वतः उघडत नाही. करंगळी अशी दाबते, जशी दाढच उपटतेय.

मी म्हटलं, "हळू दाबा. नुसतं कळवायचं असतं. आणि माझी पाळी संपेपर्यंत थांबा. हे असं." मी डोळे मिटून तिची करंगळी दाबली, श्वास घेतला, सोडली. तिनं दाबली, घेतला, सोडली. आम्ही न गाता नुसतंच करत होतो. घे, थांब. घे, थांब.

आणि मी तिथंच खाली बसले.

अंधार. तोंडावर ओलं फडकं. त्यातून एक श्वास, मग फडकं गेलं. करंगळी दाबली गेली. मी थांबले, कारण मला माहीत होतं की आता थांबायचं असतं. मग फडकं परत तोंडावर. पुन्हा एक श्वास. आणि कुणीतरी मला काखेतून धरून मागं मागं ओढतंय. फडकं एकच आणि तोंडं दोन.

डॉक्टरणीनं मला खुर्चीवर बसवलं. "काय होतंय? जबडा दुखतोय का?"

"नाही," मी म्हटलं. "घरी जाते."

तो कधी गायलेला नाही. सुराची आणि त्याची ओळखसुद्धा नाही. माइक लावतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. करंगळीचं त्याला काय माहीत?

नाही. असं नसेल. धुरात माणसाला काहीही भास होतात. आणि डॉक्टरणीच्या दाबण्यामुळं मला ते मागाहून सुचलं असेल. मी स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवत नाही आता. पाठ मी डोळ्यांनी बघितली होती ना!

शुक्रवार, २१

दुकान उघडल्या उघडल्या मावशीला विचारलं, "तिच्या हाताला काय झालंय?"

"मी मापं सांगत नाही."

"म्हणजे झालंय काहीतरी."

मावशीनं कात्री खाली ठेवली. "तू मला विचारतेस, बाईंना विचारतेस, भिंतींना विचारत असशील. ज्या पोरीचा हात आहे तिचं तोंड काय बंद आहे?"

"ती खोटं बोलेल."

"तुला खरं ऐकायचं तरी आहे का?" मावशी म्हणाली आणि इस्त्री लावली. मी पायरीवर जाऊन बसले.

खरं सांगायचं तर नाही. ऐकायचं नाहीये. तो नसेल, तर देवानं कुणालाच पाठवलं नव्हतं. मग गवतावर उघडलेल्या डोळ्यांना जे दिसलं, ज्यावर मी इतके दिवस उठते, बसते, प्रार्थना करते, ते काय होतं? नुसता एक मुलगा तिथं बसला होता, एवढंच?

शनिवार, २२

त्याला गाठलं. प्रार्थनाघरात उद्यासाठी खुर्च्या मांडत होता. सरळ विचारलं, "मला तू कुठून उचललंस?"

"म्हणजे?"

"खोलीत मी कुठं होते?"

तो खुर्ची हातात धरून उभा राहिला. "दाराशी. नाही, म्हणजे धूर इतका होता की..."

"तू आत आलाच नव्हतास."

खुर्ची त्यानं खाली ठेवली. फार नीट ठेवली, ओळीत. "मी कधी म्हटलं होतं की मी काढलं म्हणून? तूच म्हणालीस. सगळ्यांसमोर. नंतर आजोबांनी पाठ थोपटली, माझ्या आईनं जवळ घेतलं. मी रोज ठरवायचो की आज सांगतो. ती तुला बाहेर टाकून स्वतः बाजूच्या नळाखाली हात धरून बसली होती. मी तुझ्याजवळ होतो, इतकंच."

हाताला आली ती खुर्ची मी उचलली. फेकणार होते. शपथेवर सांगते, फेकणारच होते. पण त्याचा चेहरा इतका घाबरट दिसला की मला स्वतःचीच कीव आली. याच्यासाठी?

"उद्या काय बोलणार आहेस?" त्यानं विचारलं. त्याला तेवढंच महत्त्वाचं होतं.

"माइक नीट लाव," मी म्हटलं.

आणि लाज वाटते लिहायला, जाताना मी वळून बघितलं. शर्ट निळा होता. त्याला निळा छान दिसतो. हे असं डोकं घेऊन मी कुठं जाऊ?

रविवार, २३

साक्ष दिली. पाठ केलेलं सगळं सोडून दिलं. म्हटलं, "मी आज एका मुलाचे आभार मानणार होते. मला त्यानं काढलं नाही. भुंगीनं काढलं. ओल्या फडक्यातला अर्धा श्वास मला दिला, म्हणून तिला आता श्वास पुरत नाही. आणि श्वास पुरत नाही म्हणून मी बाईंना सांगून तिला इथून उठवलं. मी साक्ष द्यायला आले होते, पण मी कसली साक्षीदार? माझ्या तर डोळ्यांसमोर अंधार होता, आणि तोंड मात्र चालू होतं."

तो माइक बंद करेल असं वाटलं होतं. केला नाही. तेवढं त्याच्या बाजूनं.

पहिल्या ओळीत कुणीतरी नाक शिंकरलं. आई मागं बसली होती, तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. भुंगी आलीच नव्हती. मी प्रार्थना संपायची वाट बघितली नाही, झग्यावरच निघाले.

ती घराच्या गच्चीवर चादरी धूत होती. बाह्या वर सरकवलेल्या. कोपरापासून मनगटापर्यंत हात गुलाबी, चकचकीत, ओढून बसवल्यासारखी कातडी. मला बघून तिनं बाही खाली केली नाही.

"कुणी सांगितलं? मावशीनं?"

"मावशी मेली तरी सांगणार नाही."

"बगळ्यानं?"

"त्याच्या आधी माझ्या करंगळीनं. मी आत्ता सगळ्यांसमोर सांगून आले."

"सगळ्यांसमोर? माझ्याआधी?" तिनं कपाळावर ओला हात मारला. "तुला जरा धीर म्हणून नाहीच. मला विचारायचं तरी!"

"तू का नाही सांगितलंस?"

ती बादलीच्या काठावर बसली. दम खाल्ला. "काय सांगू? तू पाठ बघितलीस ना माझी? ती खरी आहे. मी पळालेच होते. जिन्याच्या पार खाली गेले. तिथं उभी राहिले. किती वेळ ते विचारू नकोस. मग नळावर ओढणी भिजवली आणि वर आले. आधी तुला सोडून गेले आणि मग आले, असं सांगू? आणि तू तर गावभर सांगत सुटलीस की देवानं त्याला पाठवलं. देवाच्या मध्ये मी कुठं पडू?"

"पण त्याला सांगायला का सांगत होतीस?"

"मी सांगितलं असतं तर उपकार दाखवल्यासारखं झालं असतं, आणि तू ते मोजत बसली असतीस. आता तरीही मोजशीलच."

मी काही म्हणायला गेले तर तिनं हात वर केला, तोच हात. "माफ कर-बिफ कर आज म्हणू नकोस. मला फार राग आलाय तुझा. झगा घडी करताना मला जे वाटलं ना..."

"नाही म्हणत."

तिनं बादलीतली चादर खालीवर केली. मग तिनं विचारलं, टोमणा नव्हता त्यात, "आणि तुझ्या देवाचं आता काय करणार?"

उत्तर माझ्या तोंडाशी तयार होतं. की देव खाली जिन्याशी होता, तू वळलीस तिथं. पण तिच्या त्या हाताकडे बघताना ते मला फार सोपं वाटलं. माझ्या सगळ्या भाषणांसारखं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. आगीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "बाईंना म्हणावं, मी इतक्यात येणार नाही. वरचा सूर गेलाय माझा. खालचाच राहिलाय."

"मग मी खालच्यात येते."

"तुला खालचा येत नाही. तू किंचाळतेस."

"शिकव."

ती 'हो' म्हणाली नाही. बादलीतली चादर उचलली आणि तिचं एक टोक माझ्या अंगावर फेकलं. माझा प्रार्थनेचा झगा चिंब झाला. मी पीळ द्यायला लागले.

"उलटीकडे गं, उलटीकडे! दोघींनी एकाच बाजूला पिळलं तर पाणी निघेल का?"

तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. मी माझं टोक घट्ट धरून उभी राहिले, आणि ती पिळेपर्यंत एक अक्षर बोलले नाही. आईला सांगितलं तर खरं वाटणार नाही.